एका कानाचे

वेंगुर्ल्याच्या बाजारात माझं घड्याळांचं दुकान.
घड्याळ आता कोणी आणत नाही,
सेल बदलायला येतात.
पण डोळ्याला भिंग लावायची सवय सुटत नाही,
म्हणून दुपारी समोरच्या वेर्णेकर सोनाराकडे जाऊन बसतो,
मोडीचा डबा चाळतो.

मला जोड नको असते.
जोडाला गिऱ्हाईक आहे, लॉकर आहे, नातसून आहे.
मी घेतो ती एकटी:
एक बुगडी, मोती उडालेली,
एक काप,
एक वेल अर्ध्यात तुटलेला,
जसा कान सोडताना घाई झाली असावी.
वजनाच्या भावाने घेतो, वर घडणावळ देतो.
वेर्णेकर म्हणतो, घडवणारा हात गेला,
घडणावळ कुणाला देतोस?
मी म्हणतो, तुझ्या आज्याला.

भिंगातून बघा कधी.
फिरकीचे आटे हाताने कापलेले,
एकीची फिरकी दुसरीला लागत नाही.
मोत्यांच्या भोकांत काळी रेघ,
तेल, शिकेकाई, चुलीचा धूर, कोण जाणे काय काय.
रिठ्याच्या पाण्यात घातलं की फेस तपकिरी येतो.
तो मी लगेच ओतून टाकत नाही.

हे मोती बसऱ्याहून शिडाच्या गलबतातून आले
असं इथे सगळेच सांगतात,
पावती कोणाकडेच नाही.
सायीसारखे पिवळे पडलेत,
पण पाणी उतरलेलं नाही.
माझ्या डोळ्यांचं उतरलं.

परवा निवतीहून एक बाई आली, शेवंती केळुसकर.
मुलाच्या होडीचं इंजिन बसलंय म्हणाली,
आणि पदराच्या गाठीतून कुडी काढली. एकच.
सात मोती, मध्ये माणिक,
माणकाच्या कोंदणावर केसाएवढा ओरखडा,
डावीकडे झुकलेला.
कुणा कारागिराच्या हत्याराचा दात तुटला होता,
त्याने तो तसाच चालवला.
हा ओरखडा मला पाठ आहे.

रस्ता ओलांडून दुकानात गेलो,
मनगटी घड्याळाच्या जुन्या डबीतून
एकोणीस वर्षांपूर्वी घेतलेली काढली,
आणून तिच्या कुडीशेजारी ठेवली.

ती बघत राहिली.
वेर्णेकरने गॅस बारीक केला.
"ही माज्या भैणीची," ती म्हणाली,
"आवशीन दोघींका एकेक दिल्यान."
मग विचारलं, "कधी इकल्यान?"
मी साल सांगितलं, महिना सांगितला,
वहीत लिहून ठेवतो मी.
तिने बोटांवर काहीतरी मोजलं.
"म्हणजे मिरगाआधी,"
एवढंच. पुढचं बोट तिने मिटून घेतलं.

मला वाटलं आता रडेल. पाणी मागवलं.
पाणी प्यायली, तोंड पुसलं,
दोन्ही कुड्या तळहातावर घेऊन
बांगड्याचा वाटा जोखावा तसा हात वरखाली केला,
आणि म्हणाली,
"आता जोड झाली. मगे दर वाढतलो मा?"

वेर्णेकर हसला. मी नाही हसलो.
मी दर वाढवून दिला.
आयुष्यात पहिल्यांदा जोड विकत घेतली,
तीसुद्धा अर्धी माझीच असलेली.
पैसे तिने दोनदा मोजले,
गाठ मारली, दुपारची एसटी गाठायला निघाली.
मागे वळून बघितलं नाही.
का बघावं?

तेव्हापासून डबी नीट लागत नाही.
सत्तावीस एकट्या, त्यांत हे जोडपं.
एका कप्प्यात ठेवावं तर उरलेल्यांकडे बघवत नाही,
वेगवेगळं ठेवावं
तर रात्री उठून मीच दिवा लावतो.

काल फिरक्या बदलून पाहिल्या,
हिची तिला, तिची हिला.
एका आईचं लेणं,
एका हाताचं काम,
तरी नाही लागल्या.
तेल घातलं, उलट फिरवून पाहिलं. नाही.

परत आपापल्या बसवत होतो
तर दारात कोणीतरी खाकरलं.
सेल बदलायचा होता.